भीमराजचं गप्प बसणं

"तुमी गप बसलात म्हंजी मी काय समजायचं? सोयरीक मोडली आसं सांगू का लोकांना?"

सुमनबाई ओरडत होती आणि तिच्या नवऱ्याचा, भीमराजचा, आवाजच नव्हता. आमची भिंत एक, त्यामुळं मला कान लावायची गरज पडली नाही. त्यांच्या वृषालीला श्रीगोंद्याचं स्थळ आलं होतं. पोरीची शाळा मधेच सुटणार हे भीमराजला पटलं नव्हतं.

आमच्या भिंगारच्या गल्लीत रीतच तशी. ज्याला पटलं नाही तो तोंड मिटतो. जेवतो, कामाला जातो, पण बोलत नाही. मग चार जण चहाचं निमित्त काढून जातात, पाऊसपाण्याचं बोलतात आणि उठता उठता विचारतात, "बरं, तुमचं काय म्हणणं?" तसंच झालं. पोरगी लग्नानंतर परीक्षा देईल असं पाहुण्यांनी विहारात सगळ्यांसमोर कबूल केलं, तेव्हा कुठं भीमराजला कंठ फुटला.

पुढं सुमनबाई वारली. वृषाली सासरी रमली. भीमराज लष्कराच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि घरात एकटा उरला. संध्याकाळी कुकरची एकच शिट्टी व्हायची, मग सगळं शांत.

नंतर तो नगरला एका कॉम्प्युटर क्लासात इंटरनेटची मशिनं सांभाळायला जाऊ लागला. ते साल अठ्ठ्याण्णव. एक दिवस खुशीत येऊन म्हणाला, "काकू, आता रोज लई माणसं बोलत्यात माझ्याशी."

"कुठली रं?"

"जपान, ऑस्ट्रेलिया, कुठली कुठली."

"आन् चहा कोण पाजतं?"

तो हसला. लई दिवसांनी.

त्यानं मला समजावलं ते असं. इंटरनेटवर प्रत्येक मशिनीला एक नंबर लागतो, घराला घरनंबर असतो तसा. नंबर मोजके. ते कुणाला किती द्यायचे याचे नियम कुणी साहेब ठरवत नाही. ज्याला वाटेल त्यानं कॉम्प्युटरवरून पत्र लिहायचं, ते सगळ्यांना जातं, सगळे उलट लिहितात. हात वर करून मतं मोजत नाहीत. कुणाची हरकत उरली का, एवढंच बघतात. एकट्याची असली तरी ऐकून घ्यावी लागते. मला हे आवडलं. आमच्या विहाराच्या कमिटीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

तेव्हा एक नियम पुढं आला होता: नंबर घ्यायचे तर मोठा गठ्ठाच घ्या. नगरसारख्या गावात तेवढी मशिनं कुठून दाखवायची? मग मोठ्या कंपनीकडून घ्या, आणि कंपनी सोडली की नंबर परत करा.

"म्हंजी भाडेकरूच की," मी म्हणाले.

"व्हय काकू. जल्माचं."

त्यानं हरकत लिहिली. दोघांनी उत्तर दिलं की बहुतेकांना नियम बरा वाटतो. मग भीमराज गप्प बसला. रोज माझ्या उंबऱ्यावर येऊन टेकायचा. मी विचारायची, "काही लिहिलं का रं कुणी?"

"न्हाई."

असे कितीतरी दिवस. जेवणावरची वासना उडाली. एका संध्याकाळी आला तो तोंड पाडून. चर्चेची अध्यक्ष ऑस्ट्रेलियातली एक बाई होती. तिनं लिहिलं होतं की आता कुणी विरोधात दिसत नाही. शनिवारपर्यंत कुणी बोललं नाही तर सगळ्यांचा होकार धरू.

"मी तर बोलतच नव्हतो काकू! येवढं बी कळू नये त्यांला?"

"आरं भीमा, तू रुसलाईस हे त्या बाईला कसं कळावं? तिला काय तुझं थोबाड दिसतंय?"

"एकानं तरी इचारायचं." मग उंबऱ्यावर टेकला. "सुमन आसती तर दुसऱ्याच दिशी भांडली आसती."

"सुमन न्हाई आता. तुझं तुलाच बोलाय लागंल."

शनिवारी सकाळी जाऊन त्यानं लिहिलं. माझं गप्प बसणं होकार धरू नका. माझी हरकत होती तशीच आहे. लहान गावांना जन्मभर भाड्यानं ठेवू नका. काहीजण चिडले, इतके दिवस कुठं होता म्हणाले. पण त्या बाईनं विचारलं, "काय केलं तर तुम्हाला चालेल?"

हे वाक्य त्यानं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. जणू कुणी घरी येऊन बसलं होतं.

शेवटी ठरलं की लहान गावानं पुढचा बेत लिहून दाखवला तर लहान गठ्ठा मिळेल. त्यातही त्याला पाहिजे होता त्याहून थोडा मोठाच घ्यावा लागणार होता. जपानचा एक गृहस्थ कुरकुरला, पण सोडून दिलं त्यानं. भीमराजनं लिहिलं, पूर्ण पटलेलं नाही, पण चालेल.

नियम झाला. गल्लीत कुणाला सांगणार? मलाच सांगितलं. मी गूळ दिला, त्यानं तो उभ्याउभ्या खाल्ला आणि घरी जाऊन दिवा लावला.

पुढच्या थंडीत तो झोपेतच गेला. आदल्या दिवशी सकाळी मफलर गुंडाळून निघाला होता. नवा एक नियम आला होता, त्याला मान्य होता. मान्य असेल तर लिहावं लागत नाही, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. तरी नगरची बस धरून गेला, "माझी हरकत नाही" एवढं पाठवलं आणि येताना पाव घेऊन दुपारच्या आत परत आला.