आत्याचा जबडा माह्या तोंडात

राजेहो, आधीच सांगून ठेवतो — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काहीच मानत नाही. मानू कसा? नवरात्रात अंगात आलेल्या बाईचा असा हुबेहूब आवाज काढला होता मी, का दोन म्हाताऱ्यांनी माह्या पायापाशी नारळ ठेवला... तो मी फोडून खाल्ला! नक्कल करणं हाच आपला नाद. हेडमास्तर, बस कंडक्टर, सगळे माह्या गळ्यात भाड्यानं राहतात.

पण सगळ्यात भारी नक्कल आत्याची. शेवंताआत्या अकोल्याले जठारपेठेत भाजी विकते, घरच्या मळ्यातली. कोणी भाव पाडून मागतला का तिचा पट्टा सुरू — "ओ मॅडम, वांगं होय हे, प्लॉट नाही! घ्याचं तं घ्या, नाही तं दाबू नका, ते लाजते!" माय लहानपणीच गेली माही, आत्यानंच वाढवलं. तिचा आवाज मले काढा लागत नाही, आपोआप येते.

मागच्या उन्हाळ्यात भरदुपारी अमरावतीले, बडनेरा रोडवर, दोस्ताच्या मोबाईलच्या दुकानात बसलो होतो. कूलर घरघर करून राहिला होता. दोस्त, सोपान, म्हणे, "आत्या लाव ना बे."

मी सुरू झालो. "ओ मॅडम, वांगं होय..." अन् तिथंच अटकलो. डाव्या जबड्यात अशी कळ आली — कानापासून हनुवटीपर्यंत. हात जड. कूलरसमोर बसून शर्ट घामानं ओला!

सोपान हसून राहिला. "हे नवीन टाकलं का? भारी आहे बे!"

मी आवाज सोडला. कळ गेली.

म्हटलं, शीर चढली असंन. हेडमास्तर काढून पाह्यले — काही नाही. कंडक्टर काढला — मस्त. पुन्हा आत्या काढली... पुन्हा कळ. तिसऱ्यांदा हिंमतच नाही झाली. सरळ फोन लावला.

"आत्या, कुठी आहेस?"

"बाजारात. अजून कुठी राहीन? सकाळी दवाखान्यात जाऊन आली. छातीत जळजळ होऊन राहिली होती. ईसीजीची पट्टी काढली, रगत पाह्यलं, समदं नॉर्मल. थांबा म्हणे डॉक्टर, काही तासानं रगत पुन्हा पाहू. म्या म्हटलं, एकदा नॉर्मल आलं तं आलं! कोथिंबीर सुकून राहिली माही इकडं."

"तुहा जबडा दुखते का? डावा?"



"...तुले कोन सांगतलं? दाढ ठणकून राहिली सकाळपासून. लवंग दाबून ठेवली."

"हे डॉक्टरले सांगतलं?"

"येडा झाला का पोट्ट्या? छातीच्या डॉक्टरले दाढ काहून सांगू? दाताचं दाताच्या डॉक्टरले सांगीन ना!"

मले डॉक्टरकीतलं काहीच कळत नाही. पण त्या टाईमले एवढं पक्कं होतं — तिले परत दवाखान्यात पाठवाचंच. विनवलं, भांडलो, रागावलो. ती म्हणे, संध्याकाळचं गिऱ्हाईक झालं का पाहू. शेवटी म्हटलं, घे, बाबासंग बोल, अन् मीच बाबाचा आवाज काढला. आत्या जगात फक्त बाबाले, म्हणजे तिच्या मोठ्या भावाले, भेते.

"शेवंता! दुकान झाक अन् चाल दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. जबड्याचं पण सांग!"

तिकडून बारीक आवाज आला, "हाव दादा."

मी भेटली ती बस पकडून अकोल्याले पोहोचलो तं आत्या आयसीयूत. दुसऱ्यांदा केलेल्या तपासणीत हार्टचं निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला रक्त नॉर्मल येऊ शकतं, म्हणूनच थांबा म्हटलं होतं. बायकांमध्ये कधी कधी छातीपेक्षा जबडाच जास्त दुखतो. बरं झालं सांगितलं. कोणाच्या लक्षात आलं हे?"

आत्या पडल्या पडल्या म्हणे, "माह्या भाच्याचा जबडा दुखला, साहेब."

डॉक्टरांनी मले वरून खाली पाह्यलं... अन् माहाही ईसीजी काढला. नॉर्मल!

घरी आल्यावर मी कबूल केलं, का फोनवर बाबा नव्हते, मी होतो.

"मले समजलं होतं बे," आत्या म्हणे. "तुहा बाप कधी रडता रडता रागावते का?"

आता रोज सकाळी तिचा फोन येते. "काढ बरं माहा आवाज, पाहू मी कशी आहो."

मी साफ नाही म्हणतो. आधी गोळी घे, तारखेले तपासणीले जाय, अन् दुखंन ते समदं सांग, दाढेसकट. माहा जबडा काही मशीन नाही होय. ती शिव्या देते... पण जाते.

सोपान म्हणते योगायोग. मी पण तेच म्हटलं असतं. पण दोनदा? अन् फक्त तिच्याच आवाजाले?

एक गोष्ट तिले सांगतली नाही. तिचा फोन ठेवला का मी दार लावतो, जबड्यावर हात ठेवतो अन् हळूच म्हणून पाहतो — "ओ मॅडम, वांगं होय हे..."

पूर्ण म्हणतो. पार 'ते लाजते'पर्यंत.