सोनकिडा कुणाच्या तोंडावर

शाल्मली बोंद्रे म्हणजे कोल्हापुरातली फोटोवाली, भलत्याच नादाची. जुन्या बाजारातून लोकांचे आजे-पणजे उचलून आणायचे, त्यांच्या चेहऱ्यांवर मेलेले किडे बसवायचे आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. लोक वा वा करतात, आता काय बोलणार! आज दुपारी तिच्या अंगावर जेवण आलंय. टेबलावर शंभर वर्षांपूर्वीचं जोडपं आहे, नवरा खुर्चीत, बायको मागे उभी. बायकोच्या ओठांवर शाल्मलीनं हिरवागार सोनकिडा बसवलाय. उद्या प्रदर्शन. फोटोच्या पाठीवर शाईनं जे लिहिलंय, तेच तिनं कागदी पाटीवर उतरवलंय: 'रावसाहेब मोकाशी, सकुटुंब.' ती टेबलावर डोकं टेकते आणि डोळे मिटतात.

"ऊठ गं," कुणीतरी म्हणतं.

समोर तीच बाई. नऊवारी, नथ, ओठांवर किडा. बोलते मात्र खणखणीत.

"माझ्याच तोंडावर का?"

"तुम्ही... गप्प दिसलात म्हणून."

"गप्प? अगं, तापानं फणफणले होते! हे म्हणाले, उभी राहा, हलू नकोस. तिसऱ्या दिवशी मी गेले. यांनी फोटो दिवाणखान्यात लावला. का, तर मिशी छान आली म्हणून!"

टेबलावरचा दिवा आता अंगणातलं ऊन झालाय. शाल्मली रंगवलेल्या पडद्यापुढे उभी आहे, हात खुर्चीच्या पाठीवर. खुर्चीत रावसाहेब, मानसुद्धा वळवत नाहीत. तिला पाणी हवंय, पण मागता येत नाही. ओठांत सहा पाय रुतलेत. अंग नुसतं भाजतंय.

"कळलं आता?" बाई कानाशी येते. "जन्मभर यांनी मला 'अगं' म्हटलं. फोटोवर 'सकुटुंब'. आणि तूही तेच लिहिलंस, सटवे! मथुरा. मथुरा नाव माझं. लिही. आणि हा किडा यांच्या तोंडावर बसव. नाहीतर तुझ्या तोंडावरनं तो उठायचा नाही."

बसवते, शाल्मली मनातल्या मनात म्हणते. बाईला ते ऐकू जातं. ती हसते, आणि तिचं ते हसणं बघवत नाही.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. फोटोतल्या बाईचे ओठ मोकळे आहेत. शाल्मलीच्या जिभेला काहीतरी खरखरीत लागतं. ती तळहातावर थुंकते. अख्खा सोनकिडा, एकही पाय न मोडलेला.

ती तो धूतसुद्धा नाही. तसाच ओला रावसाहेबांच्या मिशीखाली दाबून चिकटवते. मग जुनी पाटी फाडते आणि नवी लिहिते: 'मथुराबाई, आणि नवरा.'