बदामाच्या एक्क्याच्या जागी

सुमेधाबाईंनी देवाची भांडी चिंचेनं घासायला घेतली होती. ताम्हण झालं, पळी झाली. निरांजन आणि घंटा अजून काळीच होती, तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली.

"अवं, माझे पत्ते कुठी गेले?"

हात तसेच ओले घेऊन त्या गेल्या. नरहरपंत कॉम्प्युटरसमोर बसले होते. मुलगा साकेत नोकरीसाठी हैदराबादला गेला, तेव्हा वडिलांचा वेळ जावा म्हणून त्यानं ही खेळांची लायब्ररी लावून दिली होती. पडद्यावर चौकोनी चित्रांच्या रांगा: कॅरम, बुद्धिबळ, मोती जुळवायचा खेळ, आणि एकट्यानं लावायचा पत्त्यांचा डाव. त्या डावाच्या चौकोनावर लाल बदाम असे. आज तिथं निळा भोवरा होता.

खेळ आपोआप अपडेट झाला होता आणि सोबत चित्रही बदललं होतं. खाली नाव तेच होतं, पण नरहरपंतांना अक्षरं लागेनाशी होऊन वर्ष झालं होतं. तालुक्याच्या कचेरीत नकला विभागात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस. अक्षर असं, की घाटंजीच्या आसपासच्या खेड्यातले लोक "नरहरबाबूच्या हातची नकल द्या" म्हणून अडून बसत.

यवतमाळचे डॉक्टर म्हणाले होते, "ते जे आपलं आपण करतात, ते सुटू देऊ नका. सुटलं की परत येत नाही." आंघोळ सुटली, गुंड्या लावणं सुटलं. हा डाव तेवढा उरला होता. चार वाजले की ते आपले आपण बसत, बदामावर टिचकी मारत आणि तासभर पत्ते लावत. पत्ते त्यांच्या हाताला आठवत, डोक्याला विचारावे लागत नसत. त्याच तासात सुमेधाबाई राममंदिरात पोथीला जाऊन येत. चोवीस तासांत तेवढाच एक तास त्यांचा होता. डाव सुटला असता तर दोघांचंही ते शेवटचं सुटलं असतं.

त्यांनी साकेतला फोन लावला.

"आई, घाबरू नको. त्या चौकोनावर उजवं बटण दाब. 'चित्र बदला' असं दिसेल. आपलं कुठलंही चित्र लावता येतं."

"कुठलंही?"

"हो. फक्त आधी चौकोनी काप, नाहीतर ते ताणून लावतं."

सुमेधाबाईंनी घरातल्या पत्त्यांच्या जोडातला बदामाचा एक्का पाटावर ठेवला, फोनवर त्याचा फोटो काढला, तो कॉम्प्युटरवर घेतला आणि कापायचं विसरून तसाच लावला. बदाम आडवा पसरला.

"हे तं वांगं होय," नरहरपंत म्हणाले.

कितीतरी दिवसांनी त्या घरात दोघं मिळून हसले. मग सुमेधाबाईंनी तो नीट कापून लावला, लायब्ररी बंद करून पुन्हा उघडली. बदाम आला. नरहरपंतांनी टिचकी मारली, आणि सुमेधाबाई अर्धा अध्याय उलटल्यावर का होईना, मंदिरात पोहोचल्या.

असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी नरहरपंत बदामाकडे नुसते बघत बसले.

"हे लाल काय होय?"

या वेळी काहीच अपडेट झालेलं नव्हतं. चित्र तेच होतं, जागा तीच होती. त्यांच्याच आतून काहीतरी निघून गेलं होतं.

मग सुमेधाबाई चित्रं शोधू लागल्या. आंबा लावला, सायकल लावली, बैलजोडी लावली. एकाचीही ओळख पटेना. साकेत फोनवर म्हणाला, "आई, तुझाच फोटो लाव ना."

"माझा नको," त्या घाईघाईनं म्हणाल्या. आपला चेहरा त्या चौकोनात ठेवायचा आणि ते ओळखतात का, याच्या निकालाची वाट बघायची, ही परीक्षा त्यांना नको होती.

घरात एकच गोष्ट अशी होती जी बघताच नरहरपंतांचे हात आजही जुळत: देवघरातला पितळी गणपती. सुमेधाबाईंनी मनात क्षमा मागितली, गणपतीचा फोटो काढला आणि चौकोनात बसवला. चार वाजता नरहरपंत येऊन बसले. त्यांनी चष्मा काढला, हात जोडले आणि कपाळ कीबोर्डला लागेपर्यंत वाकून नमस्कार केला.

"आता दाबा," सुमेधाबाई म्हणाल्या.

"काय दाबू?"

"तो गणपती. त्याच्यावर बाण नेऊन दाबा."

त्यांनी मान वळवली. चुकलेल्या शिपायाकडे ते पूर्वी असंच बघत.

"देवाले टोचतात काय? तुम्ही तं चांगल्या घरच्या दिसता, बाई."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. सुमेधाबाईंनी गणपती तिथून काढला आणि देवघरात जाऊन दिवा लावला. आपल्या तासापायी आपण देवाला कुठं नेऊन बसवलं, हेच त्यांना राहून राहून वाटत होतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्या पोथीला गेल्या नाहीत.

मग त्यांना निवृत्तीच्या निरोपाचा फोटो आठवला. हार घातलेली माणसं पुढे आणि मागे कमानीची जुनी कचेरी. त्यांनी माणसं कापून टाकली, कचेरी तेवढी ठेवली.

"आपली कचेरी!" नरहरपंत ताठ बसले. त्यांनी टिचकी मारली, डाव उघडला. सुमेधाबाईंना रडूच आलं. तीन दिवस त्या निर्धास्त मंदिरात जाऊन आल्या.

चौथा दिवस बाजाराचा होता. पाच वाजता त्या परतल्या तेव्हा दार उघडं होतं आणि खुर्ची रिकामी. पडद्यावर डाव उघडलेला नव्हता, कचेरीचं चित्र तसंच होतं. खुंटीवरची कापडी पिशवी मात्र गेली होती. ते डाव मांडायला बसले नव्हते. कचेरी बघून ते ड्युटीवर गेले होते.

त्या चपला न घालताच धावल्या. गल्लीच्या तोंडाशीच समोरच्या घरातल्या बेबीताई दिसल्या. त्यांचं बाजारात मसाल्याचं दुकान असे. एका हातात मिरचीचं पोतं, दुसऱ्या हातात नरहरपंतांचा हात.

"जुन्या कचेरीच्या पायरीवर बसून राह्यले होते, वहिनी! तिथं आता बाभळी अन् बकऱ्या. मले पुसते, साहेब आले काय? अन् रस्त्यानं ट्रॅक्टरवर ट्रॅक्टर. म्या म्हटलं, नरहरभाऊ, आज कचेरीले सुट्टी हाय, चाला."

"पण मी अर्ज दिला नाही," नरहरपंत काळजीनं म्हणाले.

"म्या देल्ला तुमचा अर्ज. मंजूर झाला."

"साहेबांची सही आहे ना?"

"हाय, हाय. हिरव्या शाईची."

तेव्हा कुठे ते घरात शिरले.

सुमेधाबाईंनी कचेरीचं चित्र काढून टाकलं. त्याच्या जागी निळा भोवरा आपसूक परत आला. नरहरपंत त्याच्यासमोर मांडीवर हात ठेवून बसले, एखाद्या अनोळखी घरी पाहुणा बसतो तसे.

बेबीताई उंबऱ्यावर टेकल्या. "वहिनी, बाहीर जाता तं बाहीरून बंद करून जात जा."

"माणसाला कोंडून पोथी ऐकू?"

"मंग का करता? मी काय रोजच सापडीन तिथं?"

सुमेधाबाईंनी कापडी पिशवी परत खुंटीला अडकवली. रात्री साकेतचा फोन आला. "आई, दुसरं एखादं चित्र बघू या का?"

"नको रे. आता चित्र नको."

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर त्यांनी बेबीताईंना अर्धा तास नरहरपंतांजवळ बसवलं, पिशवी घेतली, आणि पुढच्या दाराला बाहेरून लावायची कडी व एक कुलूप आणायला त्या बसस्टँडजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या.