आईच्या पायाखालचा वीतभर पट्टा

गेल्या रविवारी सकाळी मी आमच्या मुर्री गावातल्या घरात, नव्याकोऱ्या स्वयंपाकघराच्या मधोमध, डोक्यावर रेतीचं घमेलं घेऊन उभी होते. शाळेत गणित शिकवणारी बाई... आणि दारात आमचा मिस्त्री तोंडावर गमछा धरून हसू लपवत होता. ही वेळ कशी आली, ते सांगते.

घरात आई आणि मी, दोघीच. काचबिंदूने आईची नजर हळूहळू गेली. आता एका डोळ्याला फक्त उजेड कळतो, दुसऱ्याला तोही नाही. तरी परवापरवापर्यंत ती आपल्या खोलीतून निघून, स्वयंपाकघर ओलांडून एकटी बाथरूममध्ये जायची, आतून कडी लावायची आणि निवांत आंघोळ करायची. त्या कडीचा तिला अभिमान होता.

ती पडू नये म्हणून मी घराचं काम काढलं. आधी सगळे उंबरठे काढून टाकले. स्वयंपाकघरात पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्स, बाथरूममध्ये न घसरणाऱ्या पण तशाच पांढऱ्या, धरायला स्टीलचा दांडा, हाताशी शॉवर... मोबाइलवर फोटो बघून बघून एकेक गोष्ट निवडली होती. तुम्ही ग्रुपवरचे सगळे मागे लागला होतात म्हणून इथे टाकायला फोटोही काढून ठेवले होते.

पहिल्याच दिवशी आई खोलीतून निघाली आणि स्वयंपाकघरात मध्यावर थांबली. एक हात पुढे, भिंत शोधत... स्वतःच्या घरात ती हरवली होती.

मग मी तिला हात धरून नेऊ लागले आणि आंघोळ होईपर्यंत दारात उभी राहू लागले. आईने मग पाणी पिणं कमी केलं. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला... सारखं सारखं मला उठवायला नको, म्हणून. हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. मी तिच्यावरच चिडले, आणि मग स्वतःची लाज वाटली.

रविवारी बाहेर पोर्चमध्ये खडबडीत पार्किंग टाइल्स बसवायचं काम सुरू होतं. मिस्त्रीच्या हाताखाली शेजारच्या नागरा गावच्या शेवंताबाई होत्या, रेजा. रेती-सिमेंट डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात. त्या पाणी प्यायला आत आल्या, तेव्हा आई पुन्हा तशीच मध्ये थांबलेली त्यांना दिसली.

"मॅडम, मायच्या पायाले काई समजूनच नाई राहिलं."

मी म्हटलं, सगळं मुद्दाम सपाट केलंय, अडखळायला काही ठेवलंच नाही. जरा तोऱ्यातच म्हटलं, खोटं कशाला सांगू.

त्यांनी वाद घातला नाही. बाहेरून अर्धं घमेलं रेती आणली, आईला खुर्चीत बसवलं, मला चप्पल काढायला लावली आणि घमेलं माझ्या डोक्यावर ठेवलं. "चाला आता न्हानीकडे."

दोन पावलं गेले आणि थबकले. मान हलवावी तर रेती सांडणार... खाली बघताच येईना. आणि पायाखाली सगळीकडे तोच गारवा, तोच गुळगुळीतपणा. खोली कुठे संपते, न्हाणी किती पावलांवर आहे, पायाला काही पत्ता लागेना.

"डोक्यावर वजन असलं का खाली पाहाले नाई भेटत," शेवंताबाई म्हणाल्या. "आमाले पायानंच पाहा लागते. मायचा उंबरठा होता, थो तिच्या पायाले सांगत होता. तुमी थोच काढला."

मी घमेलं धरून तशीच उभी राहिले. अख्खा जन्म या बाई खाली न बघता चालल्या होत्या... आणि माझ्या आईला काय होतंय, हे त्यांना एका नजरेत कळलं होतं.

उपायही त्यांनीच सांगितला. उरलेल्या पार्किंग टाइल्सचा वीतभर रुंद पट्टा, आईच्या खोलीपासून थेट बाथरूमच्या आतपर्यंत. त्या टाइल्सवर रेघा असतात ना... "उभ्या रेघा म्हंजे चालत राय. आडव्या आल्या का थांब, इथं वळाचं हाय." बाथरूमच्या दाराशी आडव्या, नळापाशी आडव्या.

मिस्त्रीचं तोंड उतरलं. "मैडम, नया फर्श तोड़ना पड़ेगा. पूरा शो चला जाएगा." आत्ताच कबूल करते, माझाही जीव थोडा थोडा झाला. मग मी आईकडे बघितलं. ती अंग चोरून खुर्चीत बसली होती, पाहुण्यासारखी. म्हटलं, फोडा.

दोन दिवसांत पट्टा बसला. सिमेंट वाळेपर्यंत आणखी एक दिवस मी आईला रोखून धरलं. मग बुधवारी सकाळी ती अनवाणी निघाली. अंगठ्याने रेघ चाचपली, थोडी थांबली... आणि सरळ चालायला लागली. आडव्या रेघा आल्या, वळली. मी मागे मागे जात होते, तर मला म्हणाली, "तू कायले येऊन राहिली?"

दार लागलं. आतून कडी वाजली. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि पोर्चच्या कामावरून आत आलेल्या, ओट्यापाशी उभ्या शेवंताबाईंनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

आंघोळ करून आई बाहेर आली आणि तांब्याभर पाणी प्यायली. सगळं.

तर फोटो टाकते आहे. पांढऱ्या फरशीतला हा करडा, थोडा वाकडा पट्टा, शेवंताबाईंनी सुचवलेला. आमच्या घरातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. बाथरूमच्या आतला फोटो मात्र नाही... आत्ता आत आई आहे, आणि दाराला आतून कडी आहे.