धरमपुरीची गाय आणि दोन कार्तिक

आत्याचा फोन आला, "गाय अडलीय गं, दिवस उलटून गेले. तू जीवशास्त्र शिकवतेस ना? मग ये!" मी देवासच्या शाळेत मुलांना बेडूक शिकवते, गायीचं बाळंतपण नव्हे. पण आत्यापुढे कुणाचं काय चाललंय! श्रावणातल्या एका शनिवारी निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर देवासहून इंदूर आणि तिथून धामनोदची बस धरा. मानपूरच्या पुढचा घाट श्रावणात असा हिरवा असतो की भांडकुदळ माणूसही गप्प बसेल. धामनोदला पोहे-जलेबी खा, वर जिरावन मसाला मागून घ्या. शंभराच्या आत पोट भरतं. पुढे धरमपुरीपर्यंत शेअर गाडी मिळते. कंबरेची काळजी मात्र ज्याची त्याने करावी.

घरामागे गोमती गाय निवांत रवंथ करत होती. घाबरल्या होत्या त्या आत्या आणि तिची सून सुमन. सुमन उज्जैनकडची, माळवी घरातली.

"जीजी, पंधरा दिन ऊपर हो गए," ती म्हणाली. "इंजेक्शनवाले भिया को बोल दिया है, शाम को दर्द का लगा देंगे."

म्हणजे कळा आणायची सुई, तीही न तपासता! आधी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासून विचारलं, "गर्भाशय का मुँह तो बंद है, कास भी नहीं भरी. किसने कहा दिन पूरे हुए?"

"कार्तिक बदी पंचमी को दिखाई थी. तिथि अम्माजी ने ही बताई, दिन मैंने गिने," सुमन म्हणाली.

"हो, कार्तिक वद्य पंचमी. तुळशीचं लग्न लागलं, मग वळूला दाखवली," आत्या म्हणाली.

"पर कार्तिक बदी तो दिवाली के पहले आती है!"

"काहीतरीच काय! दिवाळीनंतर येते!"

मी कपाळाला हात लावला. दोघीही बरोबर! आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. त्यामुळे त्याच नावाचा वद्य पक्ष एक महिना मागेपुढे होतो. एका घरात दोन पंचांगं, आणि मधल्या मध्ये मरणार होतं ते वासरू. गाय दाखवली होती आत्याच्या तिथीला, म्हणजे अजून पंधरवडा बाकी होता. सुई रद्द झाली.

चहा घेताना सुमनने विचारलं, मग कळा कधी येणार ते ठरवतं कोण? मी सांगितलं, पोटातलं वासरूच. तोवर प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक गर्भाशयाला शांत ठेवतं. दिवस भरत आले की वासराच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं, त्याने फुप्फुसं श्वासाला तयार होतात आणि आईलाही इशारा मिळतो. मग प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि कळा सुरू होतात. त्याआधीच ओढून काढलं तर श्वास कसा घेणार?

सुमनचा कप हातातच राहिला. "मेरा वाला सातवें में आ गया था, जीजी. साँस ही नहीं ले पाया. सब बोले, मैंने हंडा उठाया इसलिए."

मी तिचा कप घेऊन खाली ठेवला. "हंडे का नाम मत ले. कई बार तो डॉक्टर को भी कारण नहीं मिलता. तेरी कोई गलती नहीं थी, सुमन."

"बोलणाऱ्यांत मीही होते," आत्या हळूच म्हणाली आणि उठून आत गेली.

रविवारी नर्मदेचं दर्शन घेऊन परतले. संप्रेरकांचा धडा मी दरवर्षी नावं पाठ करून घेत शिकवते. यंदा शिकवताना दोनदा थांबावं लागलं, मुलं बघत राहिली.

गणपतीच्या सुमारास सुमनचा फोन आला. "जीजी, बछिया हुई! खुद से आई, खुद से खड़ी हो गई. किसी को हाथ नहीं लगाने दिया मैंने." आणि ती हमसाहमशी रडायला लागली. शेजारणी तिला गप्प करत असाव्यात, कारण मागून आत्याचा आवाज आला, "रडू द्या गं तिला. तेव्हा रडू दिलं नव्हतं आपण."