ओ आणि ओची मुलगी

आमच्या रक्तपेढीत सगळे त्यांना डबलकाका म्हणतात. कुणाचाही रक्तगट असो, काका तो दोनदा तपासणार, आणि दुसऱ्यांदाही अगदी पहिल्यापासून. मी नवीन असताना जाम वैतागायचे. बाहेर नातेवाईक घिरट्या घालताहेत, फोन खणखणतोय, आणि हे आपले नळी उजेडाकडे धरून बसलेत! एकदा मी म्हटलंच, "काका, उद्यापर्यंत होईल ना?" ते हसले नाहीत. दुपारी डबे खाऊन झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं.

काका तेव्हा पंचविशीत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. एक जोडपं तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. मुलीचं छोटंसं ऑपरेशन होतं, म्हणून तिघांचं रक्त तपासलं. आई ओ, वडील ओ, मुलगी ए. वडिलांनी सहज विचारलं, "हिचा वेगळा कसा हो?" काकांनी शहाणपणा पाजळला, "ओ आणि ओच्या पोटी ओच येतो. ए यायला दोघांपैकी एकाकडे तरी ए हवा." बापाने मुलीचा हात तेवढा सोडला.

आठ दिवसांनी बाई एकटीच आली. "साहेब, परत तपासा. मला घराबाहेर काढलंय. मुलगी त्यांचीच आहे हो."

काका म्हणाले, "बाई, तपासणीत चूक नाही."

चूक होती. ओ गट निघाला की त्या माणसाच्या रक्तातला पिवळा द्रव दुसऱ्या ओ रक्ताशी मिसळून बघायचा असतो. खरा ओ असेल तर काही होत नाही. त्या दिवशी गर्दी होती. काकांनी ती नळी लावलीच नाही.

बावीस वर्षांनी तोच माणूस ऑपरेशनसाठी भरती झाला. ओच्या एकेका पिशवीतलं थोडं रक्त त्याच्या रक्ताशी मिसळून पाहिलं, प्रत्येक नळीत गुठळ्या. तो ओ नव्हताच. हजारोंत एखाद्याचा असतो असा गट, वरवर ओसारखा दिसणारा. अशा माणसाकडचा ए चाचणीत लपून राहतो, पण मुलांत उतरतो. मुलगी त्याचीच होती.

त्याला सांगितलं तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तसाच पडून त्याने बायकोचा पत्ता दिला.

बाई शिवणयंत्रावर बसली होती. काकांनी अहवाल पुढे धरला, हात जोडले. तिने तो वाचून परत दिला.

"मला कशाला? मला ठाऊकच होतं. पोरीला दाखवायला हवा होता. शाळेच्या पुस्तकात तक्ता आला, ओ-ओच्या पुढे ओ. पुस्तक माझ्यापुढे आपटून म्हणाली, 'माझा बाप कोण?' मी म्हटलं, 'तुझा बापच.' तिला पटलं नाही. अठरा पुरी झाली आणि गेली निघून. कुठे आहे, देव जाणे."

त्यानंतर मी काकांना कधी घाई केली नाही. पण एक गोष्ट मला अजून बघवत नाही. तिशीच्या आतबाहेरची एखादी मुलगी रक्त द्यायला आली आणि गट ए निघाला, की काका हातातलं काम टाकून तिच्या खाटेशी जातात आणि आईचं नाव विचारतात. मुलगी गोंधळते, नाव सांगते. काका "बरं, बरं" म्हणतात आणि खिशातला अहवाल चाचपत परत जागेवर येऊन बसतात.