आई, परत एकदा सांगा

"आईंचा चष्मा काढून ठेवा," सर म्हणाले. "आणि ती वहीसुद्धा नको."

आईला नाही, मला म्हणाले. आई शेजारीच उभी होती.

परभणीत सरांच्या बंगल्याची गच्ची. गाद्या, लोड, दिवेलागणीची वेळ. माईक नाही, पेटी नाही, फक्त एक एकतारीवाला आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करणारा एक जण. लोकगीतं आणि गोष्टी अगदी जवळ बसून ऐकायच्या, असा बेत. वीसेक पाहुणे. डॉक्टर, प्राध्यापक, त्यांच्या बायका. सर आमच्या कॉलेजात मोठे. मी तिथं लायब्ररीत, कंत्राटावर. "तुमची आई जात्यावरच्या ओव्या म्हणते म्हणे," असं त्यांनी विचारलं तेव्हा मला लय भारी वाटलं होतं. पालमहून एसटीनं मीच तिला घेऊन आले. ती सगळ्या वाटेनं वही वाचत होती, ओठ हलवत.

वही तिच्या हातची. आई शाळेत कधी गेली नाही. मी नववीत असताना माझ्याकडून बाराखडी शिकली. चाळिशीत. ऊसतोडीला जाताना पाटी सोबत न्यायची. आता विहारात बायकांना ग्रंथ वाचून दाखवते. चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस ओळखू येत नाही.

"का काढायचा, सर?"

"अहो, अस्सल वाटलं पाहिजे ना."

आईच्या डोळ्यांवरचा चष्मा माझ्या हातानं निघाला. हे मी सांगितलंच पाहिजे. सरांनी नाही काढला. मी काढला.

मग सर पाहुण्यांना म्हणाले, "या आई पूर्णपणे निरक्षर आहेत. अक्षराचा स्पर्शसुद्धा झालेला नाही. म्हणूनच हे इतकं शुद्ध राहिलंय."

शुद्ध. आमच्याबद्दल हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

आईनं माझ्या दिशेला मान वळवली. मी गप्प बसले. माझं कंत्राट संपत आलं होतं.

एकतारी लागली. आई म्हणू लागली,

"काठोकाठ आड बाई, माझी घागर कोरडी
वरून धार सोडणारी, तिची नजर वाकडी."

माना डोलल्या. सर म्हणाले, "आता यामागची गोष्ट."

आईनं सांगितली. ती आठ वर्षांची. घरात धाकटा भाऊ तापानं फणफणलेला, पाणी पाणी करायला लागलेला. आमच्या माणसांनी आडाला हात लावायचा नाही. कुणीतरी वरून ओतेपर्यंत थांबायचं. ती सकाळपासून थांबली. बाया आल्या, भरून गेल्या. दुपारी एकीनं बादली वर काढली, हिच्या घागरीवर धरली आणि हसत हसत बाजूला मातीत ओतली.

"मग भावाचं?" एका बाईनं विचारलं.

"गेला."

मग तीच बाई म्हणाली, "किती सुंदर सांगतात."

रेकॉर्डिंग करणाऱ्यानं सरांच्या कानात काही सांगितलं. सर पुढं वाकले. "आई, परत एकदा सांगा. खालून ऑटोचा हॉर्न आला. आणि 'गेला' म्हणायच्या आधी जरा थांबा. तिथं डोळ्यांत पाणी आलं तर फार छान."

आईनं पदर सावरला आणि पुन्हा सुरुवात केली. "म्या आठ वर्साची व्हते..."

तेव्हा मी उठले.

"आई, ऊठ."

"मॅडम, बसा," सर म्हणाले.

"माझी आई वाचते. तुम्ही खोटं बोललात. मला माहीत होतं आणि मी बसून राहिले."

"घरगुती कार्यक्रम आहे. तमाशा नको. आम्ही तुम्हाला मान दिला."

"मान न्हाई. मामा मेला तो तुम्हाला दोनदा बघायचा होता."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "यांना बोलावूच नये."

आईचा हात धरून जिना उतरले. पायरी तिला दिसत नव्हती. ऑटोत बसल्यावर मी म्हणाले, "चुकलं माझं."

ती बाहेर बघत म्हणाली, "त्या मानसाचं काय न्हाई. तो परका हाय. तू गप बसलीस म्हणून म्याबी गप बसले. तू म्हणली असतीस तर तिसऱ्यांदाबी सांगितलं असतं."



माझं कंत्राट वाढलं नाही. ते रेकॉर्डिंग मोबाइलवर फिरतंय, निरक्षर म्हणणाऱ्या सरांच्या आवाजासकट. काढून टाका म्हणून मी सरांना दोनदा लिहिलं. उत्तर आलं, "लोकांना आवडतंय."

आईनं त्या दिवसापासून ओवी म्हटलेली नाही. घरातसुद्धा नाही. म्हण, असं मी तिला सांगत नाही. तो हक्क मी घालवला.

पण एक पक्कं केलंय. माझ्यासमोर माझ्या माणसांबद्दल कुणी खोटं बोललं, तर त्याच वाक्याला उभं राहायचं. दुसऱ्या वाक्याची वाट बघायची नाही. नोकरी जाईल तर जाईल. एकदा गेलीच आहे.